खिडक्या आणि इतर

२ फेब्रुवारी, सोमवार

धाग्याच्या कंपनीने नव्या वर्षाला पाठवलेली ही डायरी रद्दीतच जायची होती. आज उघडली, कारण घरात बोलायला कोणी नाही. हे आहेत, पण ह्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. फरक एवढाच की भिंत "बरोबर आहे तुझं" असं म्हणत नाही.

दुकानात आज दिवसभरात एक बाई आली. पडद्यांची कापडं चाचपली, "किती छान" म्हणाली आणि जाता जाता सांगून गेली, की त्यांच्याकडे पट्ट्या आहेत. जिकडेतिकडे त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. दोरी ओढली की वर, सोडली की खाली. घराचा दवाखाना करून टाकलाय लोकांनी. हे असंच चाललं तर दुकानाला कुलूप लावून मी घरी बसेन, आणि घरी बसून तरी काय करू, ते मला ठाऊक नाही.

संध्याकाळी ग्रंथालयात गेले. छोट्या दुकानदारांसाठी दर सोमवारी फुकट वर्ग सुरू झालाय. इंटरनेटवर चित्रांचे बोर्ड कसे करायचे, ते शिकवतात. शिकवणाऱ्या बाई तरुण आहेत, केस बारीक कापलेले. मी त्यांचं नाव पिनवाल्या बाई ठेवलंय. म्हणाल्या, "आवडलेलं चित्र आपल्या बोर्डावर लावायचं, म्हणजे पिन करायचं. एका बोर्डाचा विषय एकच ठेवा. आणि नाव असं द्या, की परक्यालाही वाचून कळेल आत काय आहे."

मी म्हटलं, "पिना मी आयुष्यभर तोंडात धरत आलेय, त्या फोनमध्ये तेवढ्या टोचायच्या राहिल्यात." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ते ॲप माझ्या फोनवर आधीपासूनच होतं. ठमीने घातलेलं.

ठमी म्हणजे माझी लेक. खरं नाव भारदस्त आहे, पण लहानपणी एवढी ठेंगणी होती की ह्यांनी ठमी म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे ती माझ्यापेक्षा उंच झाली तरी नाव काही सुटलं नाही. ती माझ्यासोबत दुकानात शिवायची. मागच्या उन्हाळ्यात घर सोडून गेली, त्या खोटे दात बनवणाऱ्याकडे राहायला. माणूस एकदा लग्न मोडलेला, वयाने मोठा, शहर दुसरं. मी एवढंच म्हणाले, "जायचं तर खोली रिकामी करून जा, मला तागे ठेवायला जागा लागते." बोलायची एक पद्धत असते. रागात माणूस काहीबाही बोलतो, ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. तिने खरंच खोली रिकामी केली. भिंतीवरचा खिळासुद्धा उपटून नेला. तेव्हापासून फोन नाही. तिने केला नाही, आणि मी कशाला करू? घर सोडून ती गेलीय, मी नाही.

तर ते ॲप. आत आमच्या दोघींचा एक बोर्ड आहे, "खिडक्या आणि इतर". दुकानासाठी ठमीने केला होता, मलाही त्यात घेतलं होतं. मी तेव्हा एकदासुद्धा उघडला नाही. आज उघडला. वर अगदी ताजी चित्रं. खाली तिचं नाव. शेवटचं चित्र परवाचं.

ती अजून त्यावर चित्रं लावतेय. आमच्या दोघींच्या बोर्डावर. मी दुकान अर्ध्यावर बंद केलं आणि कापायच्या टेबलाशी बसून राहिले.

९ फेब्रुवारी, सोमवार

पांढरे पडदे, कडेला राखाडी बारीक रेघ. पलंगाच्या उशाशी अरुंद फळी. पिवळं कपाट, बुटकं. सगळी चित्रं एका लहान खोलीची. मोठ्या दिवाणखान्याचं एक नाही.

मी काही कालची नाही. आमची मागची खोली लहानच आहे. तिला तिथे एकच खिडकी. पोरगी तोंडाने सांगू शकत नाही, तर चित्रांनी सांगतेय. आईवर गेलीय, ताठ मान.

आज पिनवाल्या बाई म्हणाल्या, नुसती चित्रं गोळा केली तर अडगळ होते. प्रत्येक चित्राखाली लिहून ठेवा, काय आवडलं. रंग, शिवण, माप, काहीही. नाहीतर महिन्याने आपल्यालाच आठवत नाही की हे का ठेवलं होतं. मी लिहायची जागा शोधून काढली. ठमीच्या पांढऱ्या पडद्याखाली लिहिलं, "हे कापड धुतलं की आखडतं. आधी भिजवून घ्यावं लागेल. माझ्याकडे याहून बरं आहे."

एवढं लिहायला अर्धा तास लागला. हे काही मी कोणाला सांगणार नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

उत्तर नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

उत्तर नाही, पण चित्रं येतायत. आता आल्याच्या पेयाचं चित्र लावलंय, सकाळी मळमळ होऊ नये म्हणून. बाहेरचं खात असणार. त्या दातवाल्याला खोट्या दातांपलीकडे काही येत नसणार. मी खाली लिहिलं, "उपाशी पोटी चहा पिऊ नकोस." मग सैल, पायघोळ झग्यांची दोन-तीन चित्रं. म्हणजे अंग सुटलंय. तिथे लिहिलं, "तुझी मापं माझ्याकडे आहेत, पण जुनी."

वर्गात आज ऐकलेलं: बोर्डावरचं निदान एक काहीतरी दर आठवड्याला प्रत्यक्षात करून बघा, नाहीतर गोळा करण्यातच समाधान मिळतं आणि हात रिकामे राहतात. हे मला पटलं. घरी येऊन मागच्या खोलीतले तागे बाहेर काढायला घेतले.

हे दारात उभे राहून बघत होते. "काय चाललंय?"

"खोली रिकामी करतेय."

"कोणासाठी?"

"तुम्हाला कळायचं नाही," मी म्हटलं. मग न राहवून सांगितलंच, की ठमी बोर्डावर चित्रं लावतेय. ह्यांनी चष्मा काढून पुसला. "अगं, ती सहज लावत असेल."

"सहज कोणी आईच्या बोर्डावर लावतं का?"

"बरोबर आहे तुझं," म्हणाले आणि फिरायला गेले. हल्ली रोज संध्याकाळी फोन खिशात घालून फिरायला जातात आणि बागेतल्या बाकावर बसून येतात. डाकघरात आयुष्यभर खुर्चीत बसले, आता निवृत्त झाल्यावर बाकावर. आज परत आल्यावर म्हणाले, "तिकडे बोचरी थंडी आहे म्हणे." मी म्हटलं, "कुठे?" तर म्हणे, "बातम्यांत सांगत होते." इतक्या लांबच्या हवेची ह्यांना काय पडलीय देव जाणे.

२ मार्च, सोमवार

आज फजिती झाली. गुडघ्याच्या व्यायामाचं चित्र ठेवायला गेले आणि ते जाऊन बसलं "खिडक्या आणि इतर"वर. एक लठ्ठ म्हातारी पाय वर करून पडलेली, पडद्यांच्या मधोमध. पिनवाल्या बाईंना दाखवलं, तर त्या हसून म्हणाल्या, "सगळ्यांचं होतं असं. घाईत बटण दाबलं की चित्र शेवटच्या वापरलेल्या बोर्डावर जातं. दर वेळी वर नाव बघायचं आणि मगच ठेवायचं."

हे मी डायरीत मुद्दाम लिहून ठेवतेय, म्हणजे पुन्हा अशी चूक व्हायची नाही.

म्हातारीला काढून टाकलं. ठमीने बघितली असती तर काय म्हणाली असती!

१० मार्च, मंगळवार

पडदे शिवून झाले. पांढरं कापड दोनदा भिजवलं, वाळवलं, इस्त्री केली, मग कापलं. राखाडी रेघ चित्रात छापील होती, मी पट्टी लावून शिवली. मागच्या खोलीच्या खिडकीला अगदी जमिनीपर्यंत. इतकी सरळ शिवण मी कित्येक वर्षांत घातली नव्हती. गिऱ्हाइकासाठी एवढं जीव तोडून कोण करतं.

फळी ह्यांनी ठोकली. एका बाजूला कललीय. मी बोलले नाही, म्हणजे एकदाच बोलले.

ठमीने रुंद हातांची खुर्ची लावलीय, मागे-पुढे झुलणारी. पाठ दुखत असणार. मशीनवर वाकडी बसायची, तेव्हा हजारदा सांगितलं. खाली लिहिलं, "पाठीला उशी शिवते, आतला कापूस नवा घालते."

तरी उत्तर नाही. कधी कधी वाटतं, ती माझं लिहिलेलं वाचते आणि तशीच पुढे जाते. एवढी निर्दय होईल का माझी पोर? आज दुकानात एकही माणूस आलं नाही. खोटं कशाला लिहू, त्या रिकाम्या दुकानात बसून मी रडले. नंतर शोकेसची काच पुसली.

१७ मार्च, मंगळवार

पाळणा.

लाकडी, चार पायांचा, बाजूला बारीक गज. खाली तिचं नाव. आणि त्याच्यापाठोपाठ कापडी चांदण्यांचं झुंबर आणि छोट्या छोट्या कपड्यांनी भरलेला कपाटाचा खण. हा खण आधीही लावला होता तिने, मी रुमाल समजले होते. मी! मापं घेऊन पोट भरणारी बाई, आणि मला ते झबलं आहे का रुमाल ते कळू नये! मळमळ, सैल झगे, खुर्ची, सगळं डोळ्यांसमोर होतं.

मला नातवंड होणार. आणि ती इकडे येणार. नाहीतर आमच्या बोर्डावर पाळणा कशाला लावेल? अशा वेळी पोरीला आईच लागते, दातवाला काय कामाचा.

आज खूप दिवसांनी मी स्वयंपाक करताना गुणगुणत होते. ह्यांनी दोनदा स्वयंपाकघरात डोकावून बघितलं.

१८ मार्च, बुधवार

ह्यांना पाळण्याचं चित्र दाखवलं. मला वाटलं होतं उडी मारतील. बघितलं नि म्हणाले, "हं." आनंद नाही, आश्चर्य नाही. ह्या माणसाला कशाचंच काही वाटत नाही.

म्हटलं, "पाळणा कुठे ठेवायचा ते मी ठरवलंय. आतल्या भिंतीशी. आपल्या खिडकीतून फार वारा येतो."

ह्यांचा चेहरा उतरला. "अगं, ती इकडे येतेय असं कोणी सांगितलं तुला?"

"तिनेच. बोर्डावर."

ह्यांनी पायात चपला घातल्या आणि फिरायला गेले. भर दुपारी.

२० मार्च, शुक्रवार

सगळं गेलं. पडदे, फळी, पिवळं कपाट, खुर्ची, चांदण्या, पाळणा. सकाळी बोर्ड उघडला तर वरचं सगळं नाहीसं. खाली फक्त दुकानासाठीची जुनी चित्रं, आम्ही दोघी एकत्र काम करायचो तेव्हाची. मी फोन बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा बघितलं. सभासदांमध्ये आता माझं एकटीचं नाव.

असं वाटलं, की कोणी डोळ्यांदेखत घरातलं सामान उचलून नेतंय आणि माझ्या तोंडून आवाज निघत नाही.

२१ मार्च, शनिवार

हे काल रात्री जेवले नाहीत. आज सकाळी चहा समोर ठेवला तर कपाकडे बघत म्हणाले, "मीच सांगितलं तिला."

"काय सांगितलं?"

"की तू ती चित्रं बघतेस. खोली तयार केलीस. पडदे शिवलेस."

"तुम्ही तिच्याशी बोलता?"

"रोज. बागेतून."

मी खाली बसले. ह्यांनीच पुढे सांगितलं. तो बोर्ड ठमीला जुना, बंद पडलेला वाटत होता. घाईत बटण दाबलं की चित्र तिथेच जायचं, तिने कधी नाव बघितलं नाही. "आई तर तो उघडतही नाही," असं म्हणाली म्हणे. मी बघतेय हे ह्यांच्याकडून तिला कळलं. मग म्हणाली, "मी मुद्दाम नव्हते लावत, बाबा. तिला उगाच आशा लागली." आणि काढून टाकलं.

"मला वाटलं, तुला नंतर फार लागण्यापेक्षा आत्ताच सांगावं तिला," हे म्हणाले. "मला वाटलं, ती तुला फोन करेल."

मी विचारलं, "मी खाली एवढं लिहिलं, त्याबद्दल काही म्हणाली का?"

"कुठे लिहिलंस?"

"चित्रांखाली. सगळ्या."

ह्यांनी मान हलवली. "ती तर प्रत्येक वेळी विचारते, आई काही म्हणाली का. मी काय सांगणार? नाही म्हणतो."

२३ मार्च, सोमवार

वर्गाला जायचं नव्हतं, पण घरात बसवेना. पिनवाल्या बाईंना बाजूला घेतलं. एक जुनं चित्र उघडून विचारलं, इथे लिहिलं की समोरच्याला दिसतं ना? त्यांनी वाकून बघितलं. "नाही हो काकू. ही स्वतःसाठीची टीप. दुसऱ्याशी बोलायचं असेल तर खाली प्रतिक्रियेची जागा आहे, ही बघा. ही वरची फक्त तुम्हाला दिसते."

"मग मी लिहिलेलं सगळं…"

"काही गेलं नाही," त्या मला धीर द्यायला म्हणाल्या. "तुमच्याकडे आहे ना सगळं."

आज त्या बोर्ड दुसऱ्यांना कसा दाखवायचा ते शिकवत होत्या. एकट्याने गोळा करू नका, माणसं सोबत घ्या, त्यांनाही लावू द्या, विचारा, उत्तर द्या. बाकीच्या बायका लिहून घेत होत्या. मी माझ्या हातांकडे बघत बसले. हे सगळं तिने पूर्वीच केलं होतं. मला सोबत घेतलं होतं. मी उघडलं नव्हतं.

पुढच्या सोमवारपासून जाणार नाही.

१ एप्रिल, बुधवार

पडदे काढले आणि खालची दुमड उसवली. धागा न तुटता निघाला. तिची खिडकी किती उंच ते मला ठाऊक नाही. खालचं कापड मोकळं ठेवलं, की कोणत्याही खिडकीला लावून तिथे दुमडता येतं. ती दोन दुपारांत करेल, हात चांगला आहे तिचा, मीच घडवलाय. नीट घड्या घालून पिशवीत ठेवले. पत्ता ह्यांच्याकडे आहे. ह्यांच्याकडे सगळंच आहे.

पण माप विचारून घ्यावं, असं हे म्हणाले. "तूच विचार. माप विचारायला फोन केला, तर त्यात कमीपणा कसला?"

मी म्हटलं, रविवारी करते.

५ एप्रिल, रविवार

केला.

ह्यांनी नंबर लावून फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. तिने लगेच उचलला. "बाबा?"

"मी आहे."

तिचा श्वास ऐकू येत होता, थोडा लागलेला. या दिवसांत लागतो. मी सगळं ठरवून ठेवलं होतं, काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, आणि तोंडातून निघालं, "तुझ्या खिडकीचं माप काय?"

"कशाला?"

"पडदे आहेत. पांढरे."

"आई, इथे पट्ट्या आहेत. घरमालकाने लावलेल्या. काढू देत नाही."

"बरं."

"चांगले आहेत का पडदे?"

"ठीक आहेत."

पलीकडे काहीतरी लाकडी ओढल्याचा आवाज झाला. एका पुरुषाचा आवाज आला, दमलेला, पण चांगला वाटला: "पाळणा खिडकीपाशीच ठेवायचा ना?" ती फोनपासून तोंड वळवून म्हणाली, "हो, तिथेच. उजेड येतो." मग पुन्हा मला, "आई, तू अजून काही म्हणणार होतीस का?"

माझ्या तोंडात शब्द होता. पिना धरतो तसा दाताखाली धरलेला. मी म्हटलं, "नाही. तू?"

"नाही," ती म्हणाली. पण फोन ठेवला नाही. मीही नाही ठेवला. मग त्या माणसाने तिला हाक मारली आणि ती गेली.

हे आत आले. विचारलं, "काय म्हणाली?"

"पट्ट्या आहेत म्हणाली."

"आणि?"

"आणि काही नाही."

पिशवी मागच्या खोलीत नेऊन ठेवली. तागे उद्या परत आत नेईन, दुकानात चालायला जागा उरलेली नाही. खिडकी उघडी होती, ती लावून घेतली. मग पलंगाच्या काठावर बसून इंटरनेटवर तो पाळणा शोधला. सापडला, तोच, बारीक गजांचा. वर नाव बघितलं, बरोबर बोर्ड आहे याची खात्री केली आणि "खिडक्या आणि इतर"वर लावला. आता त्यावर मी एकटीच आहे.

प्रतिक्रियेची जागा कुठे आहे ते आता मला माहीत आहे. तिथे नाही लिहिलं. वरच्या, माझ्या जागेत लिहिलं.

"पाळणा खिडकीपाशी ठेवू नकोस गं. पट्ट्यांनी वारा अडत नाही."